कड्यापासून किती मागे बांधायचं?

कॅलिफोर्नियातल्या आयला व्हिस्टा वस्तीत डेल प्लाया नावाचा रस्ता आहे. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतलेली घरं ओळीने उभी आहेत. रस्त्यावरून पाहिलं तर घर, परसदार, कुंपण आणि पलीकडे समुद्र. पण खाली पुळणीवर उतरून मान वर केली, की काही इमारतींचे काँक्रीटचे खांब उघडे पडलेले आणि गॅलऱ्या अधांतरी आलेल्या दिसतात. खालचा कडा ढासळून गेलेला असतो. जोराचा पावसाळा झाला की अधिकारी येऊन समुद्राकडच्या खोल्या रिकाम्या करायला लावतात, कधी इमारतीचा तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. या कड्यावरून पडून तरुण मुलं दगावलीही आहेत.

या वस्तीला खेटूनच कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांता बार्बरा संकुल आहे. 1954 साली ते अमेरिकेच्या मरीन दलाच्या जुन्या हवाई तळाच्या जागेवर आलं. आपल्याकडची बरीच मुलं तिथे शिकायला जातात, म्हणून तिथल्या वसतिगृहांचा प्रश्न आपल्याला फार लांबचा नाही.

आधी कड्याचं बघू. इथला खडक शेल, म्हणजे चिखलाचे थर दबून झालेला, पापुद्र्यांसारखा सुटणारा ठिसूळ खडक. भरतीच्या लाटा त्याचा पायथा खात राहतात आणि वरचा भाग आधाराविना लटकतो. हा झाला बाहेरून होणारा हल्ला. दुसरा आतून होतो. पावसाचं आणि बागांना घातलेलं पाणी मुरून थरांमध्ये साचतं, त्याच्या दाबाने थरांची एकमेकांवरची पकड सुटते. म्हणून कडा रोज थोडाथोडा झिजत नाही. कित्येक वर्षं तो जागचा हलत नाही आणि एका रात्रीत दोन-तीन मीटर खाली येतो. ‘आमच्या डोळ्यांदेखत काही झालं नाही’ या रहिवाशांच्या अनुभवावर विसंबता येत नाही, ते यामुळेच.

मग किती मागे बांधायचं? त्याचं गणित अवघड नाही. जुनी हवाई छायाचित्रं आणि आजची मोजणी ताडून मागे सरण्याचा सरासरी वेग काढतात. समजा तो वर्षाला 15 सेंटिमीटर निघाला आणि इमारत 75 वर्षं टिकायला हवी असेल, तर नुसत्या झिजेपोटी सव्वाअकरा मीटर सोडावे लागतात. 75 वर्षांनंतरही जमीन भक्कम असायला हवी, म्हणून त्यात आणखी अंतर मिळवतात. कडा धरून ठेवणारं बल घसरवणाऱ्या बलाच्या किमान दीडपट असावं, हा त्याचा प्रचलित निकष. समुद्राची पातळी वाढते आहे, म्हणजे जुना वेग पुढे पुरणार नाही, हेही धरावं लागतं.

‘भिंत बांधा की!’ असं कुणीही म्हणेल. पण समुद्र वर चढताना पुळणही मागे सरकत असते. मागे भिंत आली की तिला सरकायला जागा उरत नाही. ती अरुंद होत होत भरतीच्या पाण्याखाली जाते. शिवाय कडा ढासळून पुळणीला मिळणारी वाळूही थांबते. घर वाचतं, किनारा जातो. म्हणून 1976 चा कॅलिफोर्निया किनारा कायदा बजावतो, की नवं बांधकाम असं करा ज्याला पुढे कड्याचं रूप पालटणाऱ्या संरक्षक भिंतीची गरजच पडणार नाही.

या कायद्यामागे सांता बार्बराचीच एक जखम आहे. 1969 च्या जानेवारीत इथल्या समुद्रात तेलविहीर फुटली आणि तेलात माखलेले पक्षी किनाऱ्यावर आले. लोक खवळले. 1972 मध्ये सार्वमताने किनारा आयोग स्थापन झाला. इथलं विद्यापीठ ही राज्यघटनेने स्वायत्तता दिलेली संस्था असल्याने शहराचे बांधकाम-नियम तिला सहसा लागू पडत नाहीत. त्यामुळे किनारपट्टीत हा आयोग हाच तिच्यावरचा मोठा बाहेरचा लगाम आहे. विद्यापीठाच्या विस्ताराच्या आराखड्याला त्याची मंजुरी लागते. 2014 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात 25,000 विद्यार्थी आणि वाढीव 5,000 जणांची राहायची सोय धरली होती.

विद्यार्थी आले, खोल्या मात्र तेवढ्या झाल्या नाहीत. 2021 मध्ये विद्यापीठाला काही जणांना हॉटेलांत ठेवावं लागलं. त्याच सुमारास 11 मजल्यांच्या, 4,500 विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाची योजना गाजत होती. त्यातल्या बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती. समुद्राकाठी राहायचं आणि वाऱ्याची झुळूक नाही! 2023 मध्ये ती योजना बासनात गेली हे बरंच झालं, पण खोल्यांची गरज तशीच उरली. जागा मिळाली नाही की मुलं पुन्हा डेल प्लायाच्या गॅलऱ्यांकडेच वळतात.

मग घरांसाठी किनारा कायदाच सैल करा, असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. त्यातले सगळे नियम एका जातीचे नाहीत. किती वाहनतळ हवेत, इमारत किती उंच असावी, मंजुरीला किती महिने लागावेत, हे माणसांनी ठरवलेलं आहे. तिथे आयोगाने हात सैल सोडावा आणि कड्यापासून लांब, आधीच बांधलेल्या भागात दाटीने खोल्या होऊ द्याव्यात. कड्यापासूनच्या अंतरात मात्र एक मीटरचीही सूट नको, कारण ते अंतर लाटांनी ठरवलंय.

घरं आणि जपलेला निसर्ग शेजारी नांदू शकतात, हे याच संकुलाने दाखवलंय. 1960 च्या दशकात डेव्हरू खाजणाचा वरचा भाग भर घालून बुजवला आणि त्यावर गोल्फचं मैदान केलं. 2013 मध्ये ती जमीन विद्यापीठाकडे आली. 2017 पासून तिथली भर उपसून खाजण पुन्हा मोकळं केलं गेलं. आता पावसाचं पाणी तिथे पसरतं, आसपासच्या वस्तीतला पुराचा धोका कमी झालाय. विद्यापीठाची घरं त्याच्या कडेला उभी आहेत.

जवळच्याच पुळणीवर स्नोई प्लोव्हर हा चिखल्यांपैकी एक चिमणीएवढा पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडला तरी कळू नये अशी. साधारण 30 वर्षं तिथे त्याची पिल्लं वाढली नव्हती. 2001 मध्ये लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून एक दोरी बांधली, लोकांना समजावून सांगायला स्वयंसेवक उभे केले, आणि त्याच विणीच्या हंगामात पिल्लं दिसली.