विकीच्या आधीची गोष्ट : 'स्मॉल वंडर' आली कुठून?

लाल-पांढरा फ्रॉक, एकसुरी आवाज आणि पाठीवरचं झाकण उघडलं की आत दिसणारी यंत्रं. नव्वदच्या दशकात केबलच्या घरात वाढलेल्या मराठी मुलांना 'स्मॉल वंडर' या अमेरिकी मालिकेतल्या यंत्रमानव मुलीची, विकीची ओळख करून द्यावी लागत नाही. 'स्मॉल वंडर' म्हटलं की आजही लोक हळवे होतात. अमेरिकेत मात्र ही मालिका सगळ्यात टुकार विनोदी मालिकांच्या याद्यांत हमखास सापडते. ती एवढी स्वस्तातली का दिसते आणि तरीही आपल्यापर्यंत कशी पोचली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्या धंद्याच्या बाजूला मिळतात.

सुरुवात साठच्या दशकापासून करावी लागते. तेव्हा अमेरिकी टीव्हीवर चमत्कारिक पाहुण्यांचं पीक आलं होतं. 1963 मध्ये 'माय फेव्हरिट मार्शियन'मध्ये मंगळावरचा माणूस एका पत्रकाराकडे राहायला आला. 1964 मध्ये 'बीविच्ड'मध्ये बायकोच चेटकीण निघाली. साचा ठरलेला होता : घरात एक गुपित, ते लपवताना होणारी तारांबळ आणि खिडकीतून डोकावणारी शेजारीण. 'मार्शियन'चे निर्माते जॅक चेर्टॉक यांनी 1964 मध्येच 'माय लिव्हिंग डॉल' आणली. तिच्यात ज्युली न्यूमारने बाईच्या रूपातल्या यंत्रमानवाची भूमिका केली आणि हे यंत्र एका मानसोपचारतज्ज्ञाच्या हवाली केलेलं दाखवलं. सांगितलेलं सगळं निमूट करणारी देखणी बाई, हाच तिथला मुख्य विनोद. आज तो बघताना अवघडल्यासारखं होतं. 26 भागांत मालिका गुंडाळली गेली.

त्या मालिकेच्या निर्मितीत हॉवर्ड लीड्स नावाचे गृहस्थ होते. वीस वर्षांनी त्यांनीच 'स्मॉल वंडर' निर्माण केली. कल्पना तीच, फक्त बाईच्या जागी दहा वर्षांची मुलगी आली आणि प्रौढांचा चावट विनोद घरगुती झाला. टेड लॉसन हा युनायटेड रोबोट्रॉनिक्स कंपनीतला अभियंता. त्याने बनवलेल्या यंत्राचं नाव 'व्हॉइस इनपुट चाइल्ड आयडेंटिकन्ट', आद्याक्षरं जोडली की विकी. मुलगा जेमीच्या खोलीतल्या कपाटात तिला ठेवायचं आणि जगाला ती दत्तक मुलगी म्हणून सांगायचं. डोकावणाऱ्या शेजारणीच्या जागी ब्रिंडल कुटुंब होतंच : टेडचा वरिष्ठ, त्याची बायको आणि जेमीच्या मागे लागलेली त्यांची मुलगी हॅरिएट. बोललेल्या शब्दाचा शब्दशः अर्थ घेणं हा विकीचा हुकमी विनोद. जुन्या मालिकेतली एक गोष्ट मात्र नव्या घरातही टिकली : घरकामाला जुंपलेलं यंत्र मुलीच्याच रूपात होतं. हे लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण ते आहे.

आता स्वस्तपणाबद्दल. अमेरिकेत 1971 पासून एक सरकारी नियम लागू होता. मोठ्या शहरांतल्या टीव्ही केंद्रांना संध्याकाळच्या मुख्य चार तासांपैकी तीनच तास मोठ्या नेटवर्कचे, म्हणजे देशभरच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्यांचे, कार्यक्रम दाखवता येत. उरलेली वेळ ज्याची त्याने भरायची. त्यातून गेम शो आणि कमी खर्चाच्या मालिका थेट स्थानिक केंद्रांना विकण्याचा बाजार फोफावला. कुठल्याच नेटवर्कला न जोडलेल्या केंद्रांना तर दिवसभराचं पोट स्वतःच भरावं लागे. 'मेट्रोमीडिया' या कंपनीकडे अशी बरीच केंद्रं होती. तिने आणि आणखी काही केंद्रमालकांनी मिळून आपल्या वापरासाठी मालिका करवून घ्यायच्या ठरवल्या, त्यातलीच ही एक. 7 सप्टेंबर 1985 रोजी, शनिवारी, ती सुरू झाली. व्हिडिओटेपवर चित्रण, मोजके सेट, जोडलेलं हसू आणि एका हाताने जड वस्तू उचलण्याइतकेच स्पेशल इफेक्ट्स. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण केंद्रांना भाग हवे होते आणि चार वर्षांत 96 भाग तयार झाले. दरम्यान विकीचं काम करणारी टिफनी ब्रिसेट वाढत होती, आणि यंत्र कसं वाढणार? मग टेडने तिच्यात सुधारणा केल्याचं दाखवून वेळ मारून नेली. मे 1989 मध्ये मालिका संपली.

ती चालू असतानाच पडद्यामागे मालक बदलला. माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक यांनी 1985 मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ताब्यात घेतलं, मेट्रोमीडियाची केंद्रं विकत घेतली आणि त्यांच्या पायावर 1986 मध्ये फॉक्स नेटवर्क उभं केलं. 'स्मॉल वंडर'ही फॉक्सच्या गोदामात जमा झाली. पुढे 1993 मध्ये मर्डॉक यांनी हाँगकाँगच्या स्टार टीव्हीतला मोठा हिस्सा घेतला. उपग्रहाच्या नव्या वाहिन्यांना तयार माल हवा होता आणि मालकाच्या घरात तो पडून होता. विकी आपल्याकडे आली ती स्टार प्लसवर, आणि पुढे हिंदी बोलू लागल्यावर तर ती घराघरात शिरली. भावाबहिणींची भांडणं, आगाऊ शेजारी, बाबांच्या साहेबाची धास्ती : यातलं परकं काय होतं?

2000 मध्ये स्टार प्लस पूर्ण हिंदी झालं आणि मुलांसाठी इथेच मालिका बनू लागल्या. मृणाल कुलकर्णींची 'सोनपरी' त्याच काळातली. मग जानेवारी 2003 मध्ये 'करिश्मा का करिश्मा' आली, 'स्मॉल वंडर'चाच अधिकृत देशी अवतार. झनक शुक्लाने तो एकसुरी आवाज इतका नेमका पकडला की अनेकांना मूळ विकीपेक्षा तीच जास्त आठवते. 'करिश्मा' वर्षभराच्या आसपास चालली. झनक पुढे अभिनयापासून दूर झाली आणि पुरातत्त्वशास्त्राकडे वळली.