मुरमावरचा मोसम: राष्ट्रीय रॅलीला रस्ते कुठून मिळाले?

रॅलीचा मोसम जाहीर झाला की चर्चा होते ती गाड्यांची आणि ड्रायव्हरांची. आयोजकांना मात्र त्याच्या कितीतरी आधी एकाच प्रश्नाने घेरलेलं असतं: रस्ता कोण देणार? इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिप, म्हणजे आपली आयएनआरसी, कोइम्बतूर, चिकमगळूर, कोडगू अशा ठिकाणांभोवती का फिरते, हे त्या प्रश्नाकडे पाहिलं की उलगडतं.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1904 मध्ये मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई मोटारींची चाचणी घेतली. अंतर सुमारे 1300 किलोमीटर. आपल्याकडच्या रॅलीचा आरंभ साधारण इथूनच धरतात. मोटारी इतक्या कमी होत्या की रस्ता अडवायचा तरी कुणासाठी? डांबर फारसं कुठे नव्हतंच, त्यामुळे वेगळी ‘ग्रॅव्हल रॅली’ म्हणायचीही गरज नव्हती. सगळाच प्रवास खडी-मुरमावरचा.

पुढे क्लब उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या रॅल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची साउथ इंडिया रॅली, बंगळूरची के-1000. हजार किलोमीटरची म्हणून के-1000, नावातच सगळं आलं. गाडी आणि माणूस किती तग धरतात याचीच ती परीक्षा.

त्याच वृत्तीचं मोठं रूप म्हणजे 1980 मध्ये सुरू झालेली हिमालयन रॅली. तिच्यामागे होते मुंबईचे नझीर हुसैन, आणि पहिली हिमालयन निघाली तीही मुंबईहूनच! नमुना समोर होता केनियाच्या सफारी रॅलीचा: लांब अंतर, वाहतुकीला उघडे असलेले रस्ते, मोडणाऱ्या गाड्या. परदेशी ड्रायव्हर आले, भारतीयांना त्यांच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळालं. पण डोंगरातला वाहता रस्ता स्पर्धेसाठी ताब्यात घेणं वर्षागणिक अवघड होत गेलं. 1990 नंतर ती रॅली झाली नाही.

त्याआधीच, 1988 मध्ये, आयएनआरसी सुरू झाली होती. वेगवेगळ्या क्लबांच्या रॅल्या एका गुणतक्त्यात बांधायच्या आणि वर्षाअखेरीला एक विजेता ठरवायचा, एवढी साधी कल्पना. आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिपचाही जन्म त्याच वर्षीचा. पैसा आला टायर कंपन्यांकडून. एमआरएफ आणि जेके टायर यांची चुरस हा पुढची कित्येक वर्षं या मोसमाचा खरा मसाला होता. माझ्या मते या दोघांनी खिसा सैल सोडला नसता तर गाडी तिथेच बंद पडली असती.

गाड्यांची गोष्ट त्या काळच्या बाजारपेठेची आहे. आयात परवडणारी नव्हती, म्हणून शोरूममध्ये मिळेल तीच पळवायची. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि मुरमाला जणू आपलं माणूस भेटलं. चारही चाकांना पाटे, त्यामुळे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी. पण हलकी, फोर-व्हील ड्राइव्ह, आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारी. चंदीगडचे हरी सिंग पाच वेळा राष्ट्रीय विजेते झाले, त्यांचं नाव जिप्सीशी कायमचं जोडलं गेलं. दक्षिणेकडून तमिळनाडूचे एन. लीलाकृष्णन तितक्याच ताकदीने उभे होते. मग एस्टीम, बलेनो, सेडिया, पोलो असा ताफा बदलत गेला.

रस्त्याचं उत्तर सापडलं ते खासगी जमिनीत. चिकमगळूर आणि कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत जीप-ट्रॅक्टरसाठी काढलेले मातीचे रस्ते आहेत; मालक ‘हो’ म्हणाला आणि फाटकं लावली की टप्पा तयार. कोइम्बतूरजवळ केथनूरला पवनचक्क्यांपर्यंत जाणाऱ्या वाटा आहेत. इथे हजार किलोमीटर सलग जायचं नसतं. थोड्या किलोमीटरचा स्पेशल स्टेज, म्हणजे घड्याळाशी शर्यत लावायचा बंद टप्पा, तोच फिरून दोन-तीनदा, मध्ये गाड्या दुरुस्त करायचा थांबा, सर्व्हिस पार्क. पहिल्या गाडीच्या नशिबी झाडू मारणं येतं: सुटी खडी तिने उडवायची आणि स्वच्छ झालेल्या रेघेवरून मागच्याने चांगली वेळ नोंदवायची. झाडांखाली वारा नसेल तर धुरळा तसाच लटकून राहतो, मग दोन गाड्यांतलं अंतर वाढवावं लागतं. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर रेकीत, म्हणजे आधीच्या पाहणीत, लिहिलेल्या पेसनोट्स (वळण किती तीव्र, पुढे किती मीटर, याची टिपणं) एका सुरात वाचत असतो: “राइट फोर, हंड्रेड, ओव्हर क्रेस्ट, लेफ्ट टू, डोंट कट.” डोंट कट, कारण वळणाच्या आतल्या बाजूला दगड आहे.

याच शाळेतून गौरव गिल पुढे गेला. 2013, 2016 आणि 2017 अशी तीनदा आशिया-पॅसिफिकची विजेतेपदं आणि 2019 मध्ये अर्जुन पुरस्कार, मोटरस्पोर्टमधला पहिलाच. चिकमगळूरची रॅलीही त्या आशिया-पॅसिफिक मालिकेत जाऊन पोहोचली.

महाराष्ट्राचा धागा नाशिकचा. रॅली ऑफ महाराष्ट्र ही आयएनआरसीतली ओळखीची फेरी. काही मोसमांत असते, काहींत नसते. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिकमधून फिरत 2025 मध्ये जुन्या गाड्यांच्या डकार क्लासिक रॅलीपर्यंत गेले.

मळ्याबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर टप्पा लावायचा तर काय होऊ शकतं, हे सप्टेंबर 2019 मध्ये दिसलं. जोधपूरच्या फेरीत, बाडमेर जिल्ह्यातल्या एका टप्प्यावर मोटारसायकलवरचं एक कुटुंब आलं आणि धडकेत तिघे दगावले. रॅली तिथेच रद्द झाली. म्हणूनच फेरी आखताना नकाशावर सगळं यायला हवं: टप्प्याला येऊन मिळणारी प्रत्येक पायवाट, प्रत्येक शेताचं फाटक, आणि त्यापुढे तिथे उभं राहून रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलचं नाव.