फॉरवर्ड ब्लॉक (विदर्भ)

सुभाषचंद्र बोस यांनी १९३९ मध्ये काढलेल्या फॉरवर्ड ब्लॉक या डाव्या पक्षाची विदर्भातील शाखा. पक्ष अखिल भारतीय. पण वऱ्हाडातल्या कापूसपट्ट्यात तो ‘जांबुवंतरावांचा पक्ष’ म्हणूनच ओळखला गेला. त्याचे बळ आणि त्याचा शेवट, दोन्ही या ओळखीत आहेत.

पक्षाचे विदर्भाशी नाते जांबुवंतराव धोटे यांच्या आधीचे. जून १९४० मध्ये पक्षाचे अधिवेशन नागपूरला भरले आणि आपण समाजवादी पक्ष आहोत, हे तिथे पक्षाने उघड सांगितले. पुढच्याच महिन्यात सुभाषबाबूंना कलकत्त्यात अटक झाली. नागपुरात पक्षाची धुरा रा. स. रुईकर यांच्याकडे होती. ते गिरणी कामगारांचे पुढारी. एम्प्रेस आणि मॉडेल या गिरण्यांतला कामगार पिढीजात शहरी नव्हता. गावाकडची शेती किंवा हातमाग मागे टाकून आलेला होता. कामगार पक्षाला खेड्यात शिरायची ती तयार वाट होती. मात्र १९४८ च्या सुमारास पक्षच फुटला. मार्क्सवादी गट वेगळा झाला, रुईकर गट वेगळा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रुईकर गटाला ‘हाताचा पंजा’ हे चिन्ह मिळाले होते, हे आज सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. निवडणुकीनंतर हा गट प्रजा समाजवादी पक्षात मिसळला आणि विदर्भातील पहिला फॉरवर्ड ब्लॉक तिथेच संपला.

दुसरा उभा राहिला तो यवतमाळच्या धोट्यांमुळे. ते १९६२ मध्ये विधानसभेत गेले. अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल त्यांचे सदस्यत्व रद्द झाले, तेव्हा यवतमाळकरांनी पोटनिवडणुकीत त्यांना पुन्हा निवडून दिले. १९६७ मध्ये कृषी विद्यापीठ अकोल्यालाच हवे म्हणून विदर्भ पेटला. गोळीबारही झाला. पुढे १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि ‘विदर्भवीर’ ही पदवी धोट्यांना कायमची चिकटली.

१९७१ मध्ये ते फॉरवर्ड ब्लॉकच्या सिंह या चिन्हावर नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले. इंदिरा लाटेत काँग्रेसला हरवणे ही साधी गोष्ट नव्हती. याच नागपूरने १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भासाठी वणीच्या बापूजी अण्यांना निवडून दिले होते. धोट्यांना पडलेली मते बरीचशी त्याच धाग्यातली. वर्गलढ्याची कमी, विदर्भावरच्या अन्यायाची जास्त. पक्षाच्या कार्यक्रमात समाजवाद होता. सभेला जमणारी गर्दी मात्र भाऊंना, म्हणजे धोट्यांना, ऐकायला यायची. विधानसभेत पक्षाला राज्यभरातून १९७२ मध्ये २ आणि १९७८ मध्ये ३ जागा मिळाल्या. त्याच्या पुढे मजल गेली नाही.

सालदार (वर्षाच्या करारावर राबणारा शेतगडी), कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया, जिनिंग-प्रेसिंगमधले हंगामी हमाल हा या पक्षाचा स्वाभाविक मतदार. पण वेगळ्या विदर्भाच्या मागणीत मालक आणि सालदार एकाच बाजूला उभे राहत, त्यामुळे सालाचे किती आणि वेचाईचा दर काय, हे प्रश्न मागे पडत. टिकाऊ शेतमजूर संघटना पक्षाला बांधता आली नाही. दलित शेतमजुराला रिपब्लिकन पक्ष अधिक जवळचा होता आणि लाल झेंड्याखाली जाणाऱ्यांसाठी कम्युनिस्ट होतेच.

आणीबाणीनंतर धोटे इंदिरा गांधींकडे गेले. १९८० मध्ये ते नागपूरमधून पुन्हा खासदार झाले, या वेळी इंदिरा काँग्रेसच्या पंजावर, म्हणजे रुईकर गटाच्याच जुन्या चिन्हावर. त्याच वर्षीच्या विधानसभेत फॉरवर्ड ब्लॉकचा एकही आमदार नव्हता. नेत्याबरोबर पक्षही उठून गेला, असेच म्हणावे लागते. त्या दशकात कापसाच्या भावाचा प्रश्न शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हाती घेतला आणि गावोगावच्या शर्टांवर लाल बिल्ला दिसू लागला. त्या आंदोलनाच्या केंद्रस्थानी शेतमालाचा भाव होता. मजुरी पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर गेली.

धोट्यांनी पुढे काँग्रेस सोडली आणि २००२ मध्ये विदर्भ जनता काँग्रेस काढली. या नावात विदर्भ होता, काँग्रेस होती, कामगार नव्हता. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.