प्रॅग्मॅटिक्स: भाषेचा वापरविचार आणि फलप्रामाण्यवाद

वाक्याचा अर्थ शब्द आणि व्याकरण यांवर ठरतोच. शिवाय ते कोण, कोणाला, कुठे आणि कशासाठी बोलतो आहे यावरही ठरतो. या दुसऱ्या भागाचा अभ्यास करणारी भाषाविज्ञानाची शाखा म्हणजे प्रॅग्मॅटिक्स. या नोंदीत तिच्यासाठी ‘वापरविचार’ हा साधा शब्द घेतला आहे. ‘प्रॅग्मॅटिझम’ या अमेरिकन तत्त्वविचाराला मराठीत ‘फलप्रामाण्यवाद’ म्हणतात. मुळात दोन्ही इंग्रजी नावे ‘प्राग्मा’, म्हणजे कृती, या एकाच ग्रीक शब्दावरून आलेली. मराठीत आल्यावर एकाने फळ उचलले, दुसऱ्याने वापर, आणि दोघे एका घरातले आहेत हे नावावरून कळेनासे झाले. नाते आहे, ते सख्खे की चुलत, यावर मात्र वाद होऊ शकतो. वर्तमानपत्रांत एखाद्या पुढाऱ्याला ‘प्रॅग्मॅटिक’ म्हणतात, म्हणजे तडजोडीला तयार असलेला, त्या अर्थाचा या दोहोंशी फारसा संबंध नाही.

वापरविचाराचा माल रोजच्या बोलण्यातच पडलेला असतो. घरातून निघणारा मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि तो दाराबाहेर पडत असताना कोणी गोंधळत नाही. ‘चहा घेणार?’ या प्रश्नाला ‘आत्ताच झाला’ हे उत्तर म्हणजे नकार. (नको म्हटल्यावर किती वेळा आग्रह करायचा, हा वेगळा अभ्यासविषय आहे.) ‘आम्ही जेवायला जातोय’ आणि ‘आपण जेवायला जातोय’ यांत ऐकणाऱ्याला ताट मिळणार की नाही एवढा फरक आहे. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल’ ही पाटी व्याकरणाच्या दृष्टीने भविष्यकथन आहे. वाचणारा मात्र गाडी पुढे नेतो.

फलप्रामाण्यवादाची सुरुवात १८७०च्या दशकात, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिजमध्ये, काही तरुण मित्रांच्या चर्चामंडळात झाली. चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) आणि विल्यम जेम्स (१८४२–१९१०) हे दोघेही त्यात होते. पर्सने १८७८ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात आपला नियम मांडला: एखाद्या कल्पनेचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर ती खरी असल्यास व्यवहारात कोणते परिणाम दिसतील याचा विचार करा, त्या परिणामांपलीकडे कल्पनेत आणखी काही उरत नाही. ‘हिरा कठीण आहे’ म्हणजे काय? इतर बहुतेक पदार्थांनी त्यावर ओरखडा उठत नाही, हे. ‘प्रॅग्मॅटिझम’ हा शब्द लोकांपुढे आणला तो जेम्सने, १८९८ साली बर्कली येथील व्याख्यानात, श्रेय पर्सला देऊन. पुढे जेम्सच्या हाती त्या शब्दाचे जे झाले ते पर्सला रुचले नाही. १९०५ साली त्याने आपल्या मताला ‘प्रॅग्मॅटिसिझम’ असे नवे नाव दिले आणि हे नाव इतके कुरूप आहे की ते कोणी पळवून नेणार नाही, असा शेराही मारला. तसे ते कोणी नेलेही नाही.

जेम्सच्या १९०७ सालच्या व्याख्यानसंग्रहात एक खारीची गोष्ट आहे. झाडाच्या बुंध्याला एक खार चिकटली आहे, पलीकडे एक माणूस. तो झाडाभोवती फिरतो, तशी खारही बुंध्याभोवती सरकते. बुंधा कायम दोघांच्या मध्ये. माणसाने झाडाला फेरी मारली हे नक्की, पण खारीला मारली का? यावर सहलीला आलेल्या मंडळींत तट पडलेले. जेम्सचा निवाडा असा: ‘फेरी मारणे’ म्हणजे तिच्या उत्तरेकडून पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला जाणे असेल, तर मारली. तिच्या पोटासमोरून बाजूला, मग पाठीमागे जाणे असेल, तर नाही. कोणता अर्थ धरता ते सांगा, भांडण मिटले. तत्त्वज्ञानाची पद्धत म्हणून सांगितलेली ही गोष्ट वस्तुतः शब्दाच्या वापराची आहे. पुढच्या वापरविचाराचे बीज जेम्समध्ये शोधायचे तर ते त्याच्या सत्यविषयक गाजलेल्या मतांपेक्षा या खारीपाशी सापडेल.

दोन्ही विचारांना जोडणारा माणूस मात्र वेगळाच आहे. त्याची ओळख त्याच्या गुरूपासून करून घ्यावी. फलप्रामाण्यवादी जॉर्ज हर्बर्ट मीड शिकागो विद्यापीठात शिकवत असे. दोन कुत्री भांडायला उभी राहतात, तेव्हा एकाच्या पवित्र्यावर दुसऱ्याचा पवित्रा बदलतो आणि त्यावर पुन्हा पहिल्याचा. मीडच्या मते अर्थाचा उगम अशा देवघेवीत आहे: हावभावाचा अर्थ तो करणाऱ्याच्या डोक्यात बंद नसतो, समोरच्याच्या प्रतिसादात तो पुरा होतो. मीडचा शिष्य चार्ल्स मॉरिस याने गुरूची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १९३४ साली, ग्रंथरूपाने संपादित केली. याच मॉरिसने १९३८ साली चिन्हांच्या शास्त्राची तीन भागांत वाटणी केली. चिन्हाचे चिन्हाशी नाते पाहणारा वाक्यविचार, चिन्हाचे वस्तूशी नाते पाहणारा अर्थविचार, आणि चिन्हाचे ते समजून घेणाऱ्याशी नाते पाहणारा तिसरा विचार. या तिसऱ्याला त्याने ‘प्रॅग्मॅटिक्स’ म्हटले आणि हे नाव ‘प्रॅग्मॅटिझम’वरूनच घेतल्याचेही नमूद केले. बारशाचा दाखला असा लेखी आहे.

नाव ठेवण्यावरून घरात भांडणही झाले. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) हा फलप्रामाण्यवाद्यांतला ज्येष्ठ. १९४६ साली त्याने मॉरिसवर टीका केली की त्याने पर्सचा विचार उलटा करून ठेवला. पर्सच्या मांडणीत चिन्ह, वस्तू आणि त्या चिन्हातून उमटणारे दुसरे चिन्ह अशी तिकडी आहे. मॉरिसने तिसऱ्या जागी चिन्ह समजून घेणारी व्यक्ती बसवली. ड्यूईचे म्हणणे, व्यक्ती अशी वेगळी काढून ‘वापर’ नावाच्या खोलीत ठेवली, की उरलेल्या दोन खोल्यांत भाषा माणसांवाचून चालते असा समज होतो. टीका रास्त होती. पुढची तीसेक वर्षे बऱ्याच अभ्यासकांनी तोच समज बाळगला. १९७१ साली तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल याने भाषाविज्ञांना बजावले, की वाक्यविचाराला आणि अर्थविचाराला न झेपणारे प्रश्न उचलून वापरविचाराच्या केराच्या टोपलीत टाकू नका. याच बार-हिलेलने १९५४ साली ‘मी’, ‘इथे’, ‘आत्ता’ यांसारख्या, बोलणारा आणि प्रसंग बदलला की अर्थ बदलणाऱ्या शब्दांवर लिहिताना पर्सची संज्ञा उचलली होती. पर्स अशा शब्दांची गणना निर्देशक चिन्हांत करतो: धूर जसा आगीकडे बोट दाखवतो, तसा ‘इथे’ हा शब्द बोलण्याच्या जागेकडे. पर्सकडून वापरविचाराकडे सरळ आलेला हा एक धागा.

आज वापरविचाराची म्हणून जी हत्यारे वर्गात शिकवतात, ती बहुतेक ऑक्सफर्डमध्ये घडली. तिथला तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने दाखवले की काही वाक्ये सांगत नाहीत, करतात. ‘मी या जहाजाचे नाव अमुक ठेवतो’, ‘मी पैज लावतो’ ही वाक्ये खरी की खोटी असे विचारता येत नाही. ती जमली की फसली एवढेच विचारता येते. मग त्याने हीच कसोटी साध्या विधानांनाही लावली आणि स्वतःच घातलेली सीमारेषा मोडून काढली. प्रत्येक बोलण्यात तो तीन थर पाहतो: शब्द उच्चारणे, ते उच्चारून एखादी कृती करणे, आणि त्या कृतीचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम.

या तीन थरांना मराठीत एक जुने उदाहरण आहे. लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात आणि अक्षता पडतात. तिथे ‘सावधान’ हा विधीचा शब्द आहे. त्याने कोणी सावध होत नाही. आख्यायिका अशी की बोहल्यावर उभ्या असलेल्या समर्थ रामदासांनी तो शब्द ऐकला, खरोखरच सावध झाले, आणि मांडवातून पळाले. शब्द तेच, भटजींनी केलेली कृतीही नेहमीचीच, परिणाम मात्र विधीने न योजलेला. ऑस्टिनला ही कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण ती त्याच्या फार कामाची होती.

ऑक्सफर्डचाच तत्त्वज्ञ एच. पी. ग्राइस याचा प्रश्न वेगळा: न बोललेले कळते कसे? संभाषणात दोघेही परस्परांना साथ देत आहेत असे आपण धरून चालतो, म्हणजे पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि स्पष्ट बोलत आहेत. कोणी यातले काही उघडपणे मोडले, की त्यामागे हेतू असणार असे समजून आपण पुढचा अर्थ काढतो. स्थळाची चौकशी करताना ‘मुलगा कसा आहे हो?’ असे विचारावे आणि ‘आईवडील फार चांगले आहेत’ असे उत्तर यावे, की विचारणारा पत्रिका घडी करून ठेवतो. मुलाबद्दल वाईट शब्द कोणी काढलेला नसतो. उद्या भेटल्यावर ‘मी कुठे काय म्हणालो?’ असे म्हणायची सोयही त्या उत्तरात असते, आणि सूचित अर्थाची हीच खूण ग्राइसने सांगितली: तो मागे घेता येतो.

ऑस्टिनने १९५५ साली आणि ग्राइसने १९६७ साली हे विचार जिथे मांडले, ती हार्वर्डची व्याख्यानमाला विल्यम जेम्सच्या नावाची होती. एवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही, व्याख्यानमालांना कोणाचे तरी नाव असतेच. तरी ग्राइसने ऑक्सफर्डमध्ये पर्सच्या चिन्हविचारावर व्याख्याने दिली होती, आणि शब्दाच्या अर्थासाठी ‘वापर पाहा’ असे सांगणारा तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्श्टाइन जेम्सचा वाचक होता. आपले म्हणणे फलप्रामाण्यवादासारखे ऐकू येते आहे, अशी अस्वस्थ कबुली विट्गेन्श्टाइनच्या शेवटच्या टिपणांत आहे.

सर्वांत खोल दुवा मात्र विधानाच्या विचारात आहे, आणि नात्याची मोजणी करताना तो सहसा सुटतो. विधान करणे म्हणजे जबाबदारी पत्करणे, असे पर्स म्हणतो. प्रतिज्ञापत्रावर सही करण्यासारखे. गोष्ट खोटी निघाली तर बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि या बांधिलकीमुळेच उच्चारलेले वाक्य ‘विधान’ होते. ऑस्टिनच्या कितीतरी आधीचा हा विचार आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट ब्रँडम याने १९९४ साली याच दिशेने अर्थाचा मोठा सिद्धान्त उभारला: वाक्याचा अर्थ म्हणजे ते बोलणाऱ्यावर येणारी देणी आणि त्याला मिळणारे हक्क. मराठी माणसाला हे पटवायला सिद्धान्ताची गरज नाही, ‘म्हणे’ पुरेसा आहे. ‘त्यांनी घर विकलं’ आणि ‘त्यांनी घर विकलं म्हणे’ या दोन वाक्यांत घराबद्दलची माहिती तीच आहे. दुसऱ्यात बोलणाऱ्याने सही केलेली नाही.

फलप्रामाण्यवाद महाराष्ट्राला माहीत झाला तो मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ते ड्यूईचे विद्यार्थी होते, आणि १९३६च्या जातिनिर्मूलनावरील लेखी भाषणात त्यांनी ते ऋण उघड मान्य केले. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची आणि परस्परांपर्यंत पोहोचलेल्या अनुभवाची रीत आहे, हा ड्यूईचा विचार त्यांच्या लेखनात येतो. त्याचा वापरविचाराशी संबंध लांबचा वाटेल, पण अभिवादनांकडे पाहावे. अभिवादन खरे किंवा खोटे नसते; त्यात माहिती जवळजवळ शून्य, सगळी कृतीच. चोखामेळ्याच्या अभंगात ‘जोहार मायबाप जोहार’ येते. तो जोहार खाली वाकून, वर पाहत घातलेला होता. त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली, जो दोघे एकमेकांना सारख्याच उंचीवरून म्हणतात. एका शब्दाऐवजी दुसरा आला असे शब्दकोश म्हणेल. बोलणाऱ्या दोघांमधले अंतर बदलले, आणि वापरविचार नेमके तेच मोजतो. सौजन्याच्या भाषेवर पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात सत्ता, अंतर आणि मागणीचे ओझे ही तीन मापे आहेत. त्यासाठीची काही सामग्री तमिळनाडूतल्या एका खेड्यातून, जातीजातींतल्या बोलण्यातून, गोळा केलेली होती.

भारतीय परंपरेत या प्रश्नांचा विचार फार आधी झाला. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ध्वनिसिद्धान्त, म्हणजे काव्यातल्या सूचित अर्थाचा विचार, मांडला, आणि त्यासाठी निवडलेल्या उदाहरणांतले एक गोदाकाठचे आहे. हाल राजाच्या ‘गाथासप्तशती’ या संग्रहातली, माहाराष्ट्री प्राकृतातली ती गाथा. नदीकाठच्या कुंजात प्रियकराला भेटणारी एक बाई आहे. तिथे फुले तोडायला एक धार्मिक गृहस्थ येऊ लागतो. कुत्र्याला तो आधीच भितो. ती त्याला म्हणते, ‘महाराज, आता खुशाल फिरा. तो कुत्रा आज मारला गेला, गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने.’ शब्दांत आमंत्रण, अर्थ मनाई. आनंदवर्धनाच्या मते हा दुसरा अर्थ सांगायला शब्दाची व्यंजना ही स्वतंत्र शक्ती मानावी लागते. अकराव्या शतकातल्या महिमभट्टाला ते मान्य नव्हते. त्याने हीच गाथा घेऊन म्हटले की यात वेगळी शक्ती कसली, हे तर साधे अनुमान आहे: भित्रा माणूस, सिंह असलेली जागा, म्हणून तिथे जाऊ नये. सूचित अर्थ पायरी-पायरीने तर्काने काढून दाखवता आला पाहिजे, हा ग्राइसचा आग्रह वाचताना महिमभट्टाची आठवण होते.

दोघांनी अर्थाचा कीस काढला. तो गृहस्थ त्या दिवशी कुंजाकडे गेला की मागे फिरला, हे गाथेत नाही. फलप्रामाण्यवाद्याने पहिल्यांदा तेच विचारले असते.