मूकपटातली माणसं तुरुतुरु का पळतात?

‘जुने कॅमेरे सदोष होते, म्हणून मूक विनोदी लघुपटांत माणसं तुरुतुरु पळतात’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोष कॅमेऱ्याचा नाही. त्याचं हँडल हाताने फिरवत. सेकंदाला बहुधा १६ ते २० चौकटी, म्हणजे सुटी स्थिर चित्रं, टिपल्या जात. पुढे बोलपटांसाठी २४ चा वेग ठरला आणि जुनी रिळंही त्याच वेगाने दाखवली गेली. ३५ मिमी फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे १००० फुटांचं रीळ १६ च्या वेगाने पावणेसतरा मिनिटं चालतं, २४ ने जेमतेम अकरा.

पडताळायचं तर व्हिडिओचा वेग ०.७५ करा आणि उडालेली टोपी, सांडणारं पाणी बघा. पडणं नैसर्गिक दिसलं की वेग जुळला. पाठलागाची दृश्यं मात्र अनेकदा हँडल मुद्दाम सावकाश फिरवून, म्हणजे कमी चौकटी टिपून, वेगवान केलेली असत. ती तेव्हाही पळतीलच, आणि त्यांची खरी गंमत तीच आहे.