त्या मास्तराचं काय झालं?

शारदेच्या दिवसांत आमच्या गावात पडदा लागला होता. गाव भंडारा जिल्ह्यातलं, लाखांदूरच्या बाजूचं. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना बांधलेलं पांढरं कापड, समोर भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर. धान लोंबीवर आलेलं, त्यामुळे बांध्यांतले तुडतुडे उजेडाला येऊन कापडावर चिकटत होते. हिरॉइनच्या गालावर पूर्ण वेळ दोन-चार तीळ हिंडत होते म्हणा ना.

कथा ठरावीक. हिरो मुलीच्या मागे लागतो, ती नाही म्हणते. मग तो कॉलेजच्या फाटकाशी उभा राहतो, तिची बस अडवतो, शीर कापून घेईन म्हणून धमकावतो. घरच्यांनी तिच्यासाठी एक मास्तर पाहिलेला असतो. चष्मा, सायकल आणि अख्ख्या पिक्चरमध्ये मोजून चार वाक्यं. त्यातलं एक वाक्य तो तिला विचारतो, "तुमच्या मनात आहे ना हे लग्न?"

पुढं बोऱ्यावर बसलेली माझी आजी तिथंच बोलली, "नोको जाऊ व पोरी त्या पोट्ट्यासंगं. मास्तरच बरा हाय."

"आजी, हिरो हाय तो!" मागून भाचा ओरडला.

"असन. मंग?"

या 'मंग'चं उत्तर भाच्याला देता आलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मलाही लगेच सुचलं नाही. दिग्दर्शक, गीतकार, कॅमेरा, शंभर वाजंत्री सगळे मिळून एक जोडी जुळवायला बसलेले असताना बोऱ्यावरची एक बाई ती नामंजूर करते, हे घडतं कसं?

पडद्यावर माणूस असायचीही गरज नसते, इथून सुरुवात करू. 1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत बनवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक छोटं वर्तुळ एवढेच इकडून तिकडं सरकतात. एक चौकट आहे, तिचा एक भाग दारासारखा उघडतो. बस. काय दिसलं ते लिहा, असं 34 जणांना सांगितलं. एकीनं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकी सगळ्यांनी हालचालींमागं जिवंत कर्ते पाहिले, आणि बहुतेकांनी चक्क गोष्ट लिहिली: मोठा त्रिकोण दांडगट, छोटा त्रिकोण आणि वर्तुळ यांचं एकमेकांवर प्रेम, आणि हा दांडगट मध्ये कडमडतोय. प्रेमाचा त्रिकोण म्हणतात तो हाच की काय, असा विनोद दरवर्षी नववीच्या वर्गात मी करतो आणि दरवर्षी एकटाच हसतो.

सरकणाऱ्या आकृत्यांना आपण नियत चिकटवतो. कोण कोणाला ढकलतो, कोण वाट अडवतो, एवढं दिसलं की बाजू ठरते. मग बस अडवणाऱ्या हाडामांसाच्या माणसाबद्दल आजीचं मत व्हायला कितीसा वेळ लागणार?

मत झाल्यावर पुढं काय होतं, हे 1970च्या दशकात डॉल्फ झिलमन आणि जोआन कँटर यांनी मांडलं. त्यांच्या म्हणण्यानुसार प्रेक्षक हा पंचासारखा बसलेला असतो. पात्राची प्रत्येक कृती तो योग्य-अयोग्य म्हणून तोलत राहतो. योग्य वागणारा आवडू लागतो, वाईट वागणारा नावडतो. आवडलेल्याचं भलं व्हावं ही आशा धरायची, नावडत्याचं भलं होईल की काय ही धास्ती घ्यायची. शेवट आशेसारखा झाला की मजा आली, उलटा झाला की पैसे वाया गेले. म्हणजे जोडी जुळली म्हणून आनंद होतो असं काही नाही. ती कोणाची जुळली, आणि त्याची तेवढी लायकी होती का, यावर सगळं.

पण मग भाचा त्याच पिक्चरला शिट्ट्या का मारत होता? पंचाच्या जागी तोही होताच. इथं आर्थर रेनी या संशोधकाची 2004 मधली दुरुस्ती उपयोगी पडते. रेनी म्हणतात, आपण दरवेळी आधी तोलून मग प्रेम करत नाही. बऱ्याचदा हिरो कोण ते पहिल्या मिनिटालाच कळतं, जीव तिथंच जडतो, आणि नंतर तो काहीही करो, आपण त्याच्या बाजूनं कारणं शोधत बसतो. आमच्या किराणावाल्याच्या वहीत ओळखीच्या गिऱ्हाइकाचं खातं असतं, तसंच हे. हिरोला उधारी मिळते. मास्तरानं बस अडवली असती तर तिथंच गुंड ठरला असता. हिरोनं अडवली तर 'बिचारा, किती प्रेम करतो' म्हणून खात्यावर मांडून ठेवायचं.

भाच्याच्या वहीत त्या नटाचं खातं फार जुनं. त्याच्यासारखे केस, मोबाईलवर त्याचाच फोटो, बोलताना 'आपला भाऊ'. पडद्यावरच्या माणसाशी असं एकतर्फी नातं जडतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्येच टिपलं होतं. आजीनं मात्र हा नट जन्मात पाहिलेला नव्हता. तिच्या लेखी तो गावात नवीन आलेला, नाव-गाव ठाऊक नसलेला पोट्टा. त्याला ती उधार का देईल? माझ्या मते पटांगणात निःपक्ष पंच ती एकटीच होती.

पिक्चरवाल्यांना ही अडचण माहीत असते, आणि त्यावर त्यांची हत्यारंही असतात. हिरो सतत दाखवायचा, हे पहिलं. वारंवार समोर आलेली गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं. पण ते तटस्थ वाटणाऱ्या गोष्टींना चांगलं लागू पडतं. सुरुवातीलाच मनातून उतरलेल्याला पुनःपुन्हा दाखवून फारसा फायदा होत नाही, असंही नंतरच्या प्रयोगांत दिसलं. आजीला तो दुसऱ्या रिळापासून नकोसा झालेला, पुढचा प्रत्येक क्लोजअप वाया.

दुसरं हत्यार जास्त जबर. मिठीच्या आधी पाऊस, वीज, मारामारी, ढोल. 1974 मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळ, सुमारे 70 मीटर खोल दरीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पुलावरच्या पुरुषांना एका तरुणीनं थांबवून प्रश्नावली भरून घेतली आणि पुढं काही विचारायचं असेल तर म्हणून फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम, बुटक्या पुलावर तोच प्रकार केला, तेव्हा 16 पैकी फक्त 2 जणांनी. छाती धडधडत होती उंचीनं, आणि तिचं कारण लोकांनी समोरच्या बाईत शोधलं, असा अर्थ लावला गेला. वीज-पाऊस-ढोल यांचं कामही तेच. आधी छाती धडधडवायची, मग समोर मिठी ठेवायची.

या प्रयोगाचा उल्लेख सगळीकडे होतो, त्याच्या धाकट्या भावाचा मात्र क्वचितच. 1981 मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना जागच्या जागी पळवलं, काहींना 15 सेकंद, काहींना 2 मिनिटं. मग एका तरुणीची चित्रफीत दाखवली. काहींना ती छान नटलेली दिसली, काहींना मुद्दाम अनाकर्षक केलेली. दमलेल्या तरुणांना नटलेली जास्तच आवडली आणि अनाकर्षक केलेली जास्तच नावडली. म्हणजे धडधड प्रेम निर्माण करत नाही, जे आधीच मनात आहे ते फुगवते. क्लायमॅक्सचं गाणं सुरू झालं, ढोल वाढले, भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आजी तावातावानं सुपारी कातरायला लागली, ते दोन्ही एकाच ढोलामुळं.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. दिवाळी झाली की गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्या निघतात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं गावोगाव रातभर नाटकं चालतात. (याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.) तिथं प्रेक्षक बोलतो आणि नटाला ऐकू येतं. प्रेक्षक बिथरला तर नट सूर बदलू शकतो. पिक्चरला कान नसतात, तिथं आजीनं कितीही बजावलं तरी पोरगी त्या पोट्ट्यासंगंच जाते.

बस अडवण्याच्या प्रसंगाकडे परत येतो, कारण त्या वेळी मी पडदा सोडून पटांगण पाहत होतो. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या. बायकांच्या बाजूला, ज्या मुली रोज सरकारच्या मानव विकास योजनेतल्या, मुलींसाठीच्या निळ्या बसनं तालुक्याला शिकायला जातात, त्यांची ओळच्या ओळ गप्प. एकीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बस म्हणजे काय आणि ती कोणी अडवली तर घरी काय होतं, हे त्यांना हिशेबासह माहीत आहे. बोभाटा झाला तर मुलाचं काही जात नाही, मुलीची शाळा जाते. त्यांच्या वहीत उधारीला जागा कुठून असणार!

मुलीनं नको म्हणून स्पष्ट सांगूनही ओळख वाढवायला वारंवार पाठलाग करणं हा 2013 पासून आपल्याकडे वेगळा गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेत कलम 354ड म्हणून आला, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास 5. पडद्यावर हाच गुन्हा पहिला अर्धा तास खपून जातो, कारण मागं बासरी असते. बासरी काढून तिथं घुमणारा, दबका आवाज टाकून पाहा, कृती तीच ठेवून. अमेरिकेत ज्युलिया लिपमन यांनी स्त्रियांना पाठलागाचं भीतीदायक चित्रण असलेले आणि गोड चित्रण असलेले चित्रपट दाखवून तुलना केली. भीतीदायक पाहिलेल्या स्त्रिया 'पाठलाग म्हणजे खरं प्रेम' छापाच्या समजुती कमी मानत होत्या. गोड चित्रण ज्यांना खरंखुरं वाटलं, त्यांच्यात त्या समजुतींकडे कल वाढलेला दिसला.

लग्नाच्या सीनला आजी बोरा झटकून उठली. शेवट पाहिलाच नाही. सकाळी चुलीपाशी चहा गाळता गाळता विचारलं, "मंग, त्या मास्तराचं काय झालं?"

पिक्चरनं ते दाखवलंच नव्हतं. मध्यंतरानंतर तो सायकलीसकट गायब होता.

"बदली झाली," मी ठोकून दिलं.

"कुठं?"

"आरमोरीले."

आजीनं क्षणभर हिशेब केला. "मंग जवळच हाय," ती म्हणाली, आणि कप पुढं सरकवला.