घोडे अठ्ठेचाळीस, वजन सात टन

इंजिन जास्त हॉर्सपॉवरचं असलं की ते जास्त डबे ओढणार, असं आपण सहज धरून चालतो. मोटारसायकलींच्या जाहिरातींनी तर हा समज पार घट्ट करून टाकलाय. आयर्लंडच्या दलदलीतली चिमुकली डिझेल इंजिनं मात्र वेगळाच हिशेब मांडतात.

तिथल्या मध्यभागात पीटचे विस्तीर्ण पट्टे आहेत. पाण्यात हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं हे पीट वाळवलं की छान जळतं. ते वीजकेंद्रांपर्यंत न्यायला 'बोर्द ना मोना' या १९४६ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने ३ फुटी नॅरोगेज रुळांचं मोठं जाळं वापरलं. (आपली माथेरानची गाडी २ फुटी.) दलदलीतल्या पीटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे जड इंजिन रुळांसकट खचणार. १९४९ मध्ये पीटच जाळणारी तीन वाफेची इंजिनं स्कॉटलंडहून आणली गेली. इंधन पायाखालीच होतं, तरी काही वर्षांतच त्यांचं काम डिझेलकडे गेलं.

त्यातलंच इंग्लंडमधल्या रस्टन अँड हॉर्न्सबी कंपनीचं '४८ डीएल' हे डिझेल इंजिन घ्या. हॉर्सपॉवर ४८, म्हणजे सुमारे ३६ किलोवॉट. आजच्या लहानशा मोटारीतही याहून जास्त असते! वजन ७ टन धरू. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड वजनाच्या साधारण पाव पट. म्हणजे ओढ जास्तीत जास्त पावणेदोन टन, सुमारे १७ किलोन्यूटन. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. ३६ ला १७ ने भागा: सेकंदाला २.१ मीटर, ताशी साडेसात किलोमीटर. याहून कमी वेगात, म्हणजे नेमकं गाडी हलवताना, ४८ च्या जागी ४८० घोडे जुंपले तरी चाकं जागच्या जागी गरगरतील. ओढ ठरवतं वजन. हॉर्सपॉवर फक्त ती ओढ किती वेगापर्यंत टिकेल ते सांगते.

म्हणूनच एकही किलो वाया घालवायचा नाही. या इंजिनात चाकांच्या दोन्ही जोड्या साखळीने फिरवल्या जातात; एकच जोडी फिरवली, तर दुसरीवरचं वजन ओढीच्या कामी येत नाही.

आता गाडी. सपाटीवर पोलादी चाकं टनामागे ५ किलो ओढीत चालतात; दलदलीतल्या डुगडुगत्या रुळांसाठी १० धरा. १,७५० किलोंत इंजिनासकट १७५ टन! पण ५० ला १ (५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर) असा साधा चढ आला की टनामागे आणखी २० किलो लागतात, आणि १७५ चे ५८ होतात. पाऊस पडून पकड निम्मी झाली, तर २९. आयर्लंडात पाऊस काही पाहुणा नाही. सुदैवाने दलदल बहुतेक सपाट असते.